सारं जवळ, पण चालणार कुठून?

चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये भाजी, औषधं, देऊळ, खानावळ, रेल्वे स्थानक सारं पायी गाठण्याजोगं आहे. मग ही वस्ती चालायला चांगली म्हणायची का? ते कुठलं माप लावता यावर ठरतं.

अमेरिकेत २००७ पासून वापरात असलेला ‘वॉक स्कोअर’ शंभरपैकी गुण देतो. दुकान, शाळा, बाग चालत पाच मिनिटांच्या आत असेल तर पूर्ण गुण. अर्ध्या तासापलीकडे शून्य. संशोधकांचे इतर निर्देशांक घरांची दाटी, घरं आणि दुकानांची सरमिसळ आणि चौकांची संख्या मोजतात. तिथल्या विरळ उपनगरांना अवघड जाणाऱ्या या कसोट्यांत आपल्या दाट वस्त्या सहज पुढे जातात.

खरी परीक्षा पुढे आहे. दुसरं माप प्रत्यक्ष वाटेचं. नकाशावर सरळ रेषेत दिसणारं अंतर आणि पायांखालचं अंतर एक नसतं. वेस्ट मांबलम आणि शेजारचं टी. नगर यांच्यामध्ये लोहमार्ग आहे. मुंबईतल्या दादरसारखंच इथेही पलीकडे जायचं तर पूल चढा किंवा भुयारी मार्गाने जा. जोराच्या पावसात भुयारी मार्गात पाणी तुंबतं. २०२३ मध्ये मांबलम स्थानकापासून टी. नगर बस स्थानकापर्यंत सुमारे ५७० मीटरचा स्कायवॉक झाला, तो या वळशावरचाच उपाय.

तिसरं माप फुटपाथचं. ‘इंडियन रोड्स काँग्रेस’च्या २०१२ च्या मार्गदर्शिकेनुसार फुटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. मोकळी म्हणजे विजेची पेटी, झाड, उभ्या दुचाक्या वगळून उरलेली.

चौथं माप चालणाऱ्यांच्या अनुभवाचं. संशोधक दीप्ती अडलखा आणि सहकाऱ्यांनी परिसर चालायला कसा वाटतो हे विचारणारी परदेशी प्रश्नावली भारतासाठी बदलून चेन्नईतल्या ३७० प्रौढांकडून भरून घेतली. २०१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली.

या मापांची सरासरी काढली की गफलत होते. दाटीचे भरघोस गुण फुटपाथचं अपयश झाकून टाकतात. काठी टेकत निघालेल्या आजींना मात्र सरासरी उपयोगाची नसते. एका विजेच्या पेटीपाशी त्यांना रस्त्यावर उतरावं लागतं. म्हणून वाटेचे गुण तिच्या सर्वांत अडचणीच्या जागेवरून ठरवायला हवेत.

पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारलं. पुण्यात राहत असाल तर तुमच्या गल्लीत ते उतरलंय का, हे टेप घेऊन घरापासून बसथांब्यापर्यंत स्वतः मोजा. जिथे १.८ मीटर भरत नाही, ती जागा वॉर्ड ऑफिसला लेखी कळवा.