मुक्काम नाकात, वाट हातावरून

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू राहतो आपल्या नाकपुडीच्या अगदी तोंडाशी. साधारण तीन माणसांमागे एकाच्या नाकात त्याचा मुक्काम असतो आणि त्या माणसाला ना सर्दी, ना ताप. १८८०च्या सुमारास स्कॉटिश सर्जन अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी गळवातला पू सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा द्राक्षांच्या घडासारखे हे गोल जिवाणू त्यांना दिसले.

धडधाकट कातडी त्याला आत शिरू देत नाही. दाढी करताना कापलं, सुरी लागली, की मात्र त्याचं फावतं. मग केसतूड, गळू, आणि रक्तात उतरला तर जिवावरचं दुखणं. म्हणूनच हृदयाच्या किंवा सांध्याच्या मोठ्या ऑपरेशनआधी अनेक ठिकाणी नाकातून नमुना घेतात आणि हा जिवाणू सापडला तर नाकात मलम लावतात.

नाकातून तो दुसऱ्यापर्यंत पोहोचतो तो मुख्यतः हातावरून. पेढे वळणाऱ्या आचाऱ्याचंच पाहा. बोटावर पिकलेली जखम, हातात कोमट खवा. वळलेले पेढे परातीत तासन् तास तसेच राहतात. तेवढ्या वेळात जिवाणू भराभर वाढतात आणि विष सोडतात. चव बदलत नाही, वासही येत नाही. खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात. असं दूषित दूध किंवा खीर पुन्हा उकळली तर जिवाणू मरतात, विष मात्र तसंच राहतं. ‘गरम करून घेतलं होतं’ या भरवशाला इथे अर्थ नाही.

मग नाकच औषधाने साफ करावं का? निरोगी माणसाने मुळीच करू नये. औषधाचा मारा झाला की त्याला न जुमानणारे जिवाणू तयार होतात: मेथिसिलिन हे प्रतिजैविक १९५९मध्ये वापरात आलं आणि १९६१मध्येच त्याला दाद न देणारे स्टॅफिलोकॉकस ब्रिटनमध्ये सापडले. शिवाय नाकात आपल्या बाजूचेही जिवाणू असतात. जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या संशोधकांनी २०१६मध्ये दाखवलं की स्टॅफिलोकॉकस लग्डुनेन्सिस हा नाकातलाच शेजारी ऑरियसला मारणारं रसायन बनवतो. सरसकट औषध घेतलं तर असे शेजारीही मरतील.

घरी कार्य असेल तर केटररला एवढं नक्की सांगा: ज्याच्या हाताला पिकलेली जखम आहे त्याला अन्नाला हात लावू देऊ नका, आणि त्या दिवसाची मजुरीही कापू नका. मजुरी बुडणार असेल तर तो जखम लपवेल.