ट्रकचालकाचा कर : कोणता खर्च वजा होतो, कोणता नाही

आपल्या मंडळात डॉक्टर-इंजिनियर मंडळी पुष्कळ. परंतु ट्रक चालवून संसार करणारी कुटुंबेही आता इथे अमेरिकेत आहेत, आणि आमचे त्यांपैकीच एक. माझे यजमान स्वतःच्या ट्रकवर राज्याराज्यांतून माल नेतात आणि हिशेबाच्या वह्या मी सांभाळते. जानेवारी उजाडला की ओळखीच्या घरांतून फोन येतात, "वहिनी, यातले काय काय करातून वजा होते?" म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी हातातला कागद पाहा

कंपनी आपल्याला डब्ल्यू-२ देते की १०९९, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. डब्ल्यू-२ म्हणजे आपण नोकर. नोकरांना पूर्वी कामासाठी पदरचा केलेला खर्च काही मर्यादेत वजा करता येई. ती सवलत २०१८ सालापासून थांबली आणि २०२५ च्या जुलैमधील कायद्याने कायमची गेली. म्हणजे बूट, हातमोजे, वाटेतले जेवण, यांतले काहीही फेडरल रिटर्नमध्ये धरता येत नाही. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया यांसारख्या काही राज्यांच्या रिटर्नमध्ये मात्र अजून वाव आहे, तेव्हा पावत्या फेकू नका.

नोकरदार चालकाला कंपनी पगाराचा काही भाग 'पर डिएम' म्हणून देऊ शकते. नियमाप्रमाणे दिलेल्या त्या रकमेवर कर लागत नाही. पण तेवढा पगार कागदावर कमी दिसतो. पुढे सोशल सिक्युरिटी कमी मिळते आणि घराचे कर्ज मागताना उत्पन्न तोकडे पडते. दोन्ही बाजू पाहून होकार द्यावा.

१०९९ वाल्यांना शेड्यूल सी भरून खर्च वजा करता येतो. पण त्याच्याबरोबर १५.३ टक्क्यांचा स्वयंरोजगार कर येतो, कारण मालकाचा वाटाही आपणच भरायचा असतो. ट्रक कंपनीचा, माल आणि वेळ ठरवणार कंपनी, तरीही हातात १०९९ देत असतील तर सावध व्हा. आपण नोकर की स्वतंत्र, याचा निर्णय आय.आर.एस.कडून फॉर्म एसएस-८ भरून मागता येतो.

जेवणाचा दिवसाचा दर

स्वतंत्र चालकासाठी ही सर्वांत मोठ्या सवलतींपैकी एक. कामासाठी घराबाहेर मुक्काम पडला तर १ ऑक्टोबर २०२४ पासून देशांतर्गत प्रवासासाठी दिवसाला ८० डॉलर धरता येतात. निघण्याच्या आणि परतण्याच्या दिवशी त्याचे तीन चतुर्थांश, म्हणजे ६० डॉलर. इतर धंद्यांत जेवणाचा निम्माच खर्च वजा होतो, पण वाहतूक खात्याच्या कामाच्या तासांचे नियम ज्यांना लागू आहेत त्यांना ८० टक्के मिळतो.

उदाहरण घ्या. वर्षात २४० पूर्ण दिवस बाहेर काढले, तर २४० गुणिले ८० म्हणजे १९,२०० डॉलर. त्याचे ८० टक्के १५,३६० डॉलर. करात पाचवा हिस्सा वाचतो असे धरले तरी तीन हजारांवर डॉलर घरात राहतात.

यासाठी जेवणाच्या पावत्या लागत नाहीत. तारीख, ठिकाण आणि कामाचे कारण यांची नोंद मात्र हवी. ट्रकमधील इलेक्ट्रॉनिक लॉग हा उत्तम पुरावा. पण कंपनीला तो सहा महिनेच जपून ठेवण्याचे बंधन आहे. म्हणून मी दर महिन्याला त्याची प्रत काढून फाइलला लावते. मोटेलच्या खोलीला ही सवलत लागू नाही, तिथे पावतीच हवी.

दोन अटी ध्यानात ठेवा. रोज रात्री घरी परतणाऱ्याला हा दर मिळत नाही. आणि ज्याचे कुठेच ठरलेले घर नाही, जो बारा महिने ट्रकमध्येच राहतो, तो कायद्याच्या दृष्टीने 'घरापासून दूर' नसतोच. काही तरुण मुले भाडे वाचवण्यासाठी खोली सोडतात. त्यांनी हे गणित आधी करावे.

बाकीचा खर्च

डिझेल, टायर, दुरुस्ती, विमा, टोल, पार्किंग, परवाने, लॉगचे यंत्र, सुरक्षेचे बूट, केबिनमधील अंथरूण-पांघरूण, फोनचा कामापुरता भाग, हे सर्व वजा होते. ५५,००० पौंड किंवा अधिक वजनाच्या ट्रकला फॉर्म २२९० वर जो वार्षिक कर लागतो (जास्तीत जास्त ५५० डॉलर) तोही खर्चात जातो. ट्रकच्या हप्त्यातील व्याज वजा होते, मुद्दल नाही. ट्रकची किंमत घसाऱ्याच्या वाटेने वजा होते. मोटारीसाठीचा दर मैलाचा सरकारी दर या मोठ्या ट्रकला चालत नाही, प्रत्यक्ष खर्चच मांडावा लागतो.

आता न चालणारे : वाहतुकीचा दंड, रोजचे कपडे, घर ते टर्मिनल प्रवास, आणि माल न मिळाल्याने बुडालेली कमाई. रिकाम्या फेरीचे डिझेल धरता येते, पण वाया गेलेल्या वेळेची किंमत लावता येत नाही.

कर वर्षातून चारदा

आपला कर कोणी कापून घेत नसल्याने तो १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढच्या १५ जानेवारीला अंदाजाने भरावा लागतो. चुकला तर दंड बसतो. आमच्याकडे प्रत्येक बिलाचे पैसे आले की खर्च वजा जाता उरलेल्याचा चौथा हिस्सा मी वेगळ्या खात्यात टाकते. त्या खात्याला घरात कोणी हात लावत नाही.

पावत्या किमान तीन वर्षे जपा. थर्मल कागदावरची शाई उडते, म्हणून त्याच दिवशी फोटो काढावा. प्रत्येकाची परिस्थिती निराळी, तेव्हा रिटर्न पाठवण्यापूर्वी ट्रकचे हिशेब जाणणाऱ्या सी.पी.ए.ला एकदा जरूर दाखवा. त्याच्या फीचा धंद्यापुरता भागही शेड्यूल सी मध्ये वजा होतो!