समजून घ्या : नवे चर्च सुरू करताना पैशांचे गणित कुठे अडते?

चर्च म्हटले की उंच मनोरा आणि घंटा डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात महाराष्ट्रातील शहरांत अनेक नव्या मंडळ्या एखाद्या घराच्या हॉलमध्ये, शाळेच्या वर्गात किंवा भाड्याच्या सभागृहात सुरू होतात. मंडळी म्हणजे एकत्र उपासना करणारा समुदाय. हा समुदाय जमतो, पण खर्चाचे काय?

मासिक हिशेब कसा असतो?

उदाहरण घेऊ. समजा, मंडळीत २५ कुटुंबे आहेत आणि प्रत्येकाचे उत्पन्न महिना २० हजार रुपये आहे. ख्रिस्ती परंपरेत उत्पन्नाचा दहावा भाग, म्हणजे दशांश देण्याची शिकवण आहे. सर्वांनी तो दिला तर ५० हजार जमतील. पण आठच कुटुंबांनी पूर्ण दशांश दिला आणि उरलेल्या १७ कुटुंबांनी प्रत्येकी ३०० रुपये दिले, तर जमा होतात २१,१०० रुपये.

रविवारी दोन हजार भाड्याने सभागृहाचे आठ हजार जातात. ध्वनियंत्रणा, वीज, प्रवास यांचे तीन हजार धरले, तर पाळकाच्या हाती १०,१०० रुपये उरतात. घरभाडे, किराणा, मुलांची फी त्यातूनच भागवायची. दोन कुटुंबे बदलीमुळे गाव सोडून गेली, तरी ताळेबंद कोलमडतो. लग्नसराईत सभागृह मिळाले नाही, तर उपासनेची जागाही शोधावी लागते.

जुन्या चर्चना हा प्रश्न का कमी भेडसावतो?

त्यांच्याकडे मिशनरी काळातील जागा, इमारती आणि धर्मप्रांताची व्यवस्था असते. स्वतंत्र मंडळीला शून्यातून सुरुवात करावी लागते.

नोंदणी केली की देणगीदारांना करसवलत मिळते?

इथे अनेकांचा गैरसमज होतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार धर्मादाय आयुक्तालयात न्यासाची नोंदणी होते. त्यानंतर हिशेब आणि लेखापरीक्षण आलेच. न्यासाच्या उत्पन्नावरील करमाफीसाठी आयकर विभागाकडे वेगळी नोंदणी लागते. मात्र केवळ धार्मिक कार्यासाठी असलेल्या न्यासाला '८०जी'ची सवलत मिळत नाही. त्यामुळे देणगीदाराला करात वजावट मिळत नाही.

परदेशातून मदत घेता येते का?

येते, पण नव्या मंडळीला जवळजवळ नाहीच. परदेशी योगदान नियमन कायद्याखाली नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी लागते आणि आधीच्या तीन वर्षांत मूळ कार्यावर १५ लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात. एखाद्या ठरावीक कामासाठी पूर्वपरवानगीचा मार्ग आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० वरून २० टक्क्यांवर आली. त्यामुळे मोठ्या संस्थेने लहान मंडळीला परदेशी निधीतून हात देण्याची वाट बंद झाली.

हा प्रश्न नवा आहे का?

मुळीच नाही. एकोणिसाव्या शतकातच अमेरिकन बोर्डाचे रूफस अँडरसन आणि इंग्लंडमधील हेन्री व्हेन यांनी स्थानिक चर्च स्वयंशासित, स्वावलंबी आणि स्वयंप्रसारक असावे, असा आग्रह धरला होता. कवी नारायण वामन टिळक यांनीही १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार'ची वाट धरली.

मग मार्ग काय?

पहिला मार्ग नोकरी सांभाळून सेवा करण्याचा. बायबलमधील पौल तंबू तयार करून पोट भरत असे. आजही काही पाळक शिकवण्या घेतात किंवा नोकरी करतात. पण मग आजाऱ्यांच्या भेटी, अंत्यविधी, समुपदेशन यांना वेळ अपुरा पडतो.

दुसरा मार्ग थेंबे थेंबे तळे साचवण्याचा. मिझोराममध्ये घरोघरी प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. 'बुहफाई थाम' नावाची ही प्रथा शतकाहून जुनी आहे. आपल्याकडे कापणीच्या सणाला आलेल्या धान्याचा, भाज्यांचा लिलाव होतो, तो याच वळणाचा.

तिसरी गोष्ट पारदर्शकतेची. पाळकाच्या वैयक्तिक खात्यात दान घेण्याऐवजी मंडळीचे स्वतंत्र खाते, दोन सह्या आणि दर महिन्याला जमाखर्चाचे वाचन, एवढे केले तरी विश्वास टिकतो. आपला रुपया कुठे गेला हे कळले, की ३०० रुपये देणारे कुटुंब पुढच्या महिन्यातही देते. नव्या मंडळीचे भांडवल तेच असते.