फोनची बॅटरी जाते कुठे?

रोजच्या साध्या वापरात स्मार्टफोनची बॅटरी मुख्यतः दोन कामांत खर्च होते: स्क्रीन उजळ ठेवण्यात आणि मोबाइल टॉवरशी संपर्क टिकवण्यात. ब्लूटूथ, एनएफसी यांसारख्या सोयींचा खर्च त्या मानाने किरकोळ असतो. बॅटरी पुरवून वापरायची, तर कोणते बटण किती वीज वाचवते हे आधी कळायला हवे. नाहीतर कामाच्या सोयी बंद होतात आणि खरा खर्च चालूच राहतो.

सध्याच्या बहुतेक फोनमध्ये सुमारे ५,००० मिलिअँपिअर-तास क्षमतेची लिथियम-आयन बॅटरी असते. या प्रकारची बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. तिच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनले व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बॅटरीचा दाब सरासरी ३.८५ व्होल्ट धरला, तर तिच्यात सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते. फोन सरासरी १ वॅट वीज खात असेल, तर ती १९ तास पुरते. हाच खर्च ४ वॅटवर गेला, तर पाच तासांच्या आत संपते. भर उन्हात पूर्ण ब्राइटनेस ठेवून मोबाइल डेटावर व्हिडिओ कॉल सुरू असला की खर्च असाच चढतो. चांगल्या रेंजमध्ये खिशात स्वस्थ पडलेल्या फोनला मात्र एका वॅटचा अगदी लहानसा अंश पुरतो.

स्क्रीनचा खर्च

स्क्रीनचे मुख्य प्रकार दोन. एलसीडी स्क्रीनच्या मागे दिवे असतात आणि चित्र काळे असो वा पांढरे, ते जळतच राहतात. ओएलईडी किंवा अमोलेड स्क्रीनमध्ये प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाश देतो. काळा बिंदू जवळजवळ वीज घेत नाही, पांढरा बिंदू मात्र लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही रंग एकदम पेटवतो. म्हणून डार्क मोडचा फायदा ओएलईडी स्क्रीनलाच होतो. एलसीडी फोनच्या बॅटरीला त्याने फारसा फरक पडत नाही.

हा फायदाही ब्राइटनेसवर अवलंबून असतो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ओएलईडी फोनवर मोजमाप केले. पूर्ण ब्राइटनेसला डार्क मोडमुळे सरासरी ३९ ते ४७ टक्के वीज वाचली. ब्राइटनेस ३० ते ५० टक्के असताना ही बचत ३ ते ९ टक्क्यांवरच थांबली. घरात मंद ब्राइटनेसवर फोन वापरणाऱ्याला डार्क मोडपासून थोडेच मिळते. उन्हात काम करणाऱ्या डिलिव्हरीवाल्याला किंवा रिक्षाचालकाला भरपूर मिळते.

त्यामुळे पहिला हात ब्राइटनेसलाच घालावा. ऑटो ब्राइटनेस चालू ठेवला, की फोन आजूबाजूचा उजेड पाहून स्क्रीनचा प्रकाश कमी-जास्त करतो. हाताने पूर्ण वाढवलेला ब्राइटनेस मात्र सावलीत आल्यावरही तसाच राहतो. स्क्रीन आपोआप बंद होण्याची वेळ दोन मिनिटांवरून ३० सेकंदांवर आणली, तर फोन खाली ठेवल्यानंतरचा वाया जाणारा उजेड वाचतो. रिफ्रेश रेटचेही तसेच. १२० हर्ट्झवर चित्र सेकंदाला १२० वेळा नव्याने काढले जाते. स्क्रोल करताना ते डोळ्यांना सुखावते, पण बातम्या वाचायला ६० हर्ट्झ पुरतात. बंद स्क्रीनवर घड्याळ दाखवणारा ऑलवेज-ऑन डिस्प्ले दिवसभर थोडी थोडी वीज खात असतो. गरज नसेल तर तो बंद ठेवावा.

रेंज कमी, खर्च जास्त

वायरलेस सोयींमध्ये सर्वात खर्चिक मोबाइल नेटवर्क, तेही रेंज कमी असताना. फोनने किती जोरात बोलायचे हे टॉवर त्याला सतत कळवत असतो. टॉवर जवळ असेल, तर अत्यल्प शक्ती पुरते. तो दूर किंवा आड असेल, तर ४जी फोन आपली प्रक्षेपणशक्ती वाढवत सुमारे ०.२ वॅटपर्यंत नेतो, आणि त्यासाठी बॅटरीतून त्याच्या कितीतरी पट वीज ओढतो. रेंज पूर्ण गेली, की फोन एकामागून एक फ्रिक्वेन्सी चाचपत टॉवर शोधू लागतो. दोन सिम असतील, तर दोन्हींचा शोध चालतो.

सह्याद्रीच्या दऱ्यांत उतरलेल्या ट्रेकरचा फोन न वापरताही दुपारपर्यंत निम्म्यावर येतो, तो यामुळेच. कोकण रेल्वेच्या प्रवासातही ९० हून अधिक बोगद्यांमुळे रेंज जात-येत राहते. अशा वेळी एअरप्लेन मोड हा सर्वात प्रभावी उपाय आहे. जीपीएस उपग्रहांचे संकेत फोन फक्त ऐकतो, स्वतः काही पाठवत नाही. त्यामुळे बहुतेक फोनमध्ये एअरप्लेन मोडवरही लोकेशन कळते. नकाशा आधी डाउनलोड केलेला असला, की वाटही दिसते. मात्र या मोडवर कोणाचा फोन येत नाही. ठरावीक वेळी मोड काढून निरोप पाहावेत, आणि संकटात ११२ लावण्यापूर्वी तो आठवणीने काढावा. एकाच सिमला रेंज असलेल्या गावात दुसरे सिम सेटिंग्जमधून तात्पुरते बंद ठेवले, तरी बराच फरक पडतो.

भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. काही नेटवर्कमध्ये ५जीच्या जोडीला ४जीचाही संपर्क टिकवावा लागतो. ५जीची रेंज काठावर असेल, तर फोन दोहोंमध्ये उड्या मारत राहतो. अशा भागात ‘४जी’ हा पर्याय निवडणे शहाणपणाचे.

वाय-फायचा राउटर काही मीटरवर असतो, म्हणून त्याच्याशी बोलायला मोबाइल डेटापेक्षा साधारणतः कमी वीज लागते. बॅटरी वाचवण्यासाठी घरात वाय-फाय बंद करून डेटा वापरणे उलटेच पडते. हॉटस्पॉट मात्र भारी पडतो, कारण त्यात मोबाइल डेटा आणि वाय-फाय दोन्ही सतत जागे राहतात. लॅपटॉपला इंटरनेट द्यायचे असेल, तर यूएसबी केबलने द्यावे. फोन चार्जही होतो.

ब्लूटूथचा लो एनर्जी प्रकार २०१० मध्ये आला आणि घड्याळासारखी उपकरणे नगण्य विजेवर जोडलेली राहू लागली. ब्लूटूथ सतत चालू-बंद करण्यात कष्टच जास्त. लोकेशनच्या बाबतीत मूळ स्विचपेक्षा परवानग्या पाहाव्यात: नकाशाच्या ॲपला ‘वापरताना’ एवढी परवानगी पुरते, खरेदीच्या ॲपला अनेकदा तीही लागत नाही.

ॲप आणि बॅटरी सेव्हर

छोटा निरोप पाठवून झाला, तरी मोबाइल रेडिओ लगेच झोपत नाही. आणखी डेटा येईल म्हणून काही सेकंद जागा राहतो. दर काही मिनिटांनी नोटिफिकेशन आणणारी ॲप म्हणूनच महागात पडतात. सेटिंग्जमधील बॅटरीच्या पानावर कोणत्या ॲपने किती टक्के वीज घेतली हे दिसते. दिवसभरात क्वचित उघडलेले ॲप यादीत वर असेल, तर त्याची बॅकग्राउंड परवानगी काढावी. मात्र दर थोड्या वेळाने सगळी ॲप सरकवून बंद करण्याची सवय उपयोगाची नाही. २०१६ मध्ये ॲपलचे क्रेग फेडेरिघी आणि अँड्रॉइडचे हिरोशी लॉकहायमर या दोघांनीही हे स्पष्ट केले होते. बंद केलेले ॲप पुन्हा पहिल्यापासून उघडायला उलट जास्त वीज लागते.

घाईच्या वेळी बॅटरी सेव्हर किंवा लो पॉवर मोड ही बरीचशी कामे एका बटणावर करतो: बॅकग्राउंडची कामे थोपवतो, काही फोनमध्ये रिफ्रेश रेटही उतरवतो. तो २० टक्क्यांची वाट न पाहता, लांबच्या प्रवासाला निघतानाच लावला तर अधिक उपयोगी पडतो.

बॅटरीचे आयुष्य

रोजची बचत एक आणि बॅटरीचे आयुष्य दुसरे. उष्णता हा तिचा मोठा शत्रू. ॲपलच्या सूचनेनुसार आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा. विदर्भातील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा बंद गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा उशीखाली चार्जिंगला ठेवलेल्या फोनची बॅटरी कायमची क्षमता गमावू शकते. अनेक फोनमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आहे; रात्रभर चार्जिंगला लावणाऱ्यांनी ती वापरावी. एवढे करूनही काही वर्षांनी क्षमता घटतेच. ती मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली आणि फोन दिवसभर पुरेनासा झाला, की सेटिंग्जशी झगडण्यापेक्षा अधिकृत केंद्रातून बॅटरी बदलून घेणे योग्य.