अणुभट्टी शेजारी, प्रयोगशाळा कोसो दूर!

देशातले पहिले अणुविद्युत केंद्र 1969 साली तारापूरला सुरू झाले. त्याच्या शेजारी एमआयडीसीत रासायनिक कारखान्यांची रांग उभी राहिली. 2014 साली पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. विज्ञान-तंत्रज्ञान असे अगदी दारात येऊन उभे आहे. पण बोईसरच्या आमच्या वस्त्यांतून त्या फाटकाच्या आत जाते कोण? ठेकेदाराच्या हजेरीवर ड्रम उचलणारा बाप! नियंत्रण कक्षात, प्रयोगशाळेत बसणारी आपली माणसे शोधावी लागतात.

याचा दोष फक्त व्यवस्थेला देऊन आम्हाला मोकळे होता येणार नाही. मध्यंतरी एक मुलगा आमच्याकडे आला. बारावी कला शाखेतून झालेली. विचारत होता, "साहेब, अणुकेंद्रात लागायला काय करावे लागते?" दहावीला त्याला गणितात चांगले गुण होते. तेव्हा आम्हीच बुद्धविहारात त्याचा सत्कार केला होता. पुष्पगुच्छ दिला, भाषणे केली, फोटो काढले. पुढे कोणती शाखा घेणार, हे मात्र एकानेही विचारले नाही. त्याच्या घरात विचारणारे कोणी नव्हते आणि आम्ही विचारले नाही!

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः बॅरिस्टर. तरीही 29 ऑक्टोबर 1942 रोजी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी स्पष्ट मांडले की, कला आणि कायद्याच्या शिक्षणापेक्षा विज्ञान व तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षणच अस्पृश्य समाजाच्या अधिक उपयोगी पडेल. त्यासाठी त्यांनी शिष्यवृत्त्या मागितल्या. आम्ही वकिलांनी तर हे निवेदन वारंवार वाचायला हवे. तथागतांनीही कालामांना हेच सांगितले होते : ऐकीव म्हणून मानू नका, तपासून पाहा. प्रयोगशाळा तरी दुसरे काय करते?

म्हणून मुलाचा हात आठवीतच धरला पाहिजे. दहावीनंतर तीन रस्ते फुटतात. बारावी विज्ञान करून अभियांत्रिकी किंवा बी. एस्सी.; तीन वर्षांची पदविका; नाहीतर आयटीआय. अणुऊर्जा महामंडळाच्या प्रशिक्षणार्थी तंत्रज्ञांच्या भरतीत दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांनाही जागा असते. मात्र दहावीला विज्ञान आणि गणितात प्रत्येकी किमान 50 टक्के मागतात. म्हणजे निकाल नववी-दहावीच्या गणितातच लागतो. त्या मुलाला आम्ही आयटीआयचा रस्ता दाखवला. पण दोन वर्षे गेली ती गेलीच.

दुसरी अडचण कागदांची. बोईसरला पोट भरायला आलेली अनेक कुटुंबे मराठवाड्यातली, खानदेशातली. जातीच्या दाखल्यासाठी आजोबांचा 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मूळ गावच्या शाळेत नाहीतर महसुली दप्तरात सापडतो. बौद्धांना 1990 साली केंद्राच्या सवलती मिळाल्या. पण केंद्राच्या भरतीसाठी बौद्धांचा वेगळा नमुना 7 चा दाखला लागतो. प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ करून हे होत नाही. गुणवत्ता असूनही कागदाअभावी जागा जाते. हे काम आम्हा वकिलांचे आहे. ते आठवीतच हाती घेऊ या, आणि विनामूल्य!

जयंतीची वर्गणी आपण आनंदाने देतो. त्यातला काही भाग विहारातल्या विज्ञानपेटीसाठी काढू या. रविवारी वंदनेनंतर दोन तास गणित-विज्ञानाचे. केंद्रात, कारखान्यात, पाळीवर असलेल्या आपल्या प्रत्येक तंत्रज्ञाने, अभियंत्याने एक मूल दत्तक घ्यावे. पैशाने नव्हे, वेळाने. दर महिन्याला त्याची वही पाहावी, शाळेत जाऊन शिक्षकांना भेटावे. शेजारच्या पाड्यावरची वारली, कातकरी मुलेही याच वर्गात बसली पाहिजेत. मुलींना तर पहिली रांग.

दहावीचा निकाल लागला की पुन्हा सत्कार होतील. या वेळी पुष्पगुच्छ देताना त्या मुलाला एवढेच विचारा, "पुढे काय? आणि आम्ही काय करू?"

जय भीम!