प्रकाशतंतू आणि शरीरांतर्गत दाब
जुन्नर तालुक्यातील खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनांचे संकेत प्रकाशतंतूंतून मध्यवर्ती केंद्राकडे येतात. तेथे तंतू केवळ निरोप्या असतो. शरीरातील दाब मोजताना मात्र तो मापकही होतो. अशा मापकाच्या एका प्रकारात तंतूच्या टोकाशी सूक्ष्म पोकळी असून तीवर पातळ पटल असते (ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकास कानाचा पडदा आठवेल). दाबाने पटल लवले की पोकळीची लांबी, आणि तिजबरोबर परावर्तित प्रकाशाचे व्यतिकरण, बदलते. त्यावरून दाब काढतात. टोकाशी वीज नसल्याने विद्युत्-चुंबकीय क्षेत्राचा उपद्रव होत नाही. तथापि डोक्यास मार लागलेल्या रुग्णाच्या कवटीत तंतू एकदा बसविला की त्याचा शून्यबिंदू सामान्यतः पुन्हा जुळविता येत नाही. तेथे पाऱ्याच्या २० मिलिमीटरांच्या आसपास उपचाराचा निर्णय घ्यावयाचा असतो. तेव्हा दोन-तीन मिलिमीटरांनी मापन ढळणेही उपेक्षणीय नव्हे.