कालस्खलनाची प्रणयकथा आणि गिरगावातील एक बिऱ्हाड

आप्ताच्या मृत्यूने व्याकुळ झालेली व्यक्ती काही अतर्क्य कारणाने आपल्या काळातून निसटते, मागच्या किंवा पुढच्या काळात जाऊन पडते आणि तेथे तिला पुन्हा प्रेम लाभते, परंतु त्या लाभाबरोबर काहीतरी कायमचे गमवावेही लागते. अशा कथानकाचा एक स्वतंत्र प्रकार पाश्चात्त्य ललित साहित्यात गेल्या अर्धशतकात चांगलाच रूढ झाला आहे. त्याला प्रस्तुत लेखात 'कालस्खलनाची प्रणयकथा' असे नाव योजिले आहे. 'कालप्रवास' हा शब्द मुद्दाम टाळला आहे. प्रवासाला निघणारा मनुष्य हेतू धरून, सिद्धता करून निघतो. ह्या कथांतील मनुष्याचा केवळ पाय घसरतो. यंत्र, शास्त्र, प्रयोग यांना येथे फारसे स्थान नाही. जे आहे ते शोकाला आहे.

ह्या प्रकाराचे मर्म कोणते, हा पहिला प्रश्न. डायना गॅबाल्डन यांच्या १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आउटलँडर' ह्या कादंबरीत दुसऱ्या महायुद्धानंतरची एक विवाहित परिचारिका अठराव्या शतकातील स्कॉटलंडमध्ये जाऊन पडते व तेथे दुसरा विवाह करते. तिचे दोन पती दोन शतकांत आहेत. एकाशी केलेली निष्ठा दुसऱ्याशी केलेली प्रतारणा ठरू नये, यासाठी कादंबरीकर्तीने त्यांच्यामध्ये दोनशे वर्षांची भिंत उभी केली आहे. जॅक फिनी यांच्या १९७० मधील कादंबरीचा नायकही न्यूयॉर्कच्या गतशतकातच प्रेमात पडतो आणि अखेरीस तेथेच राहणे पसंत करतो. बाह्य चमत्कार बाजूला सारला म्हणजे ह्या सर्व कथांच्या तळाशी एकच नैतिक पेच दिसतो. गेलेल्या माणसाची अनुमती मिळवावयाची कशी? ज्याच्याशी सर्वस्वाने बांधलो होतो तो गेल्यावर दुसऱ्यावर प्रेम केले, तर पहिले प्रेम खोटे ठरते काय? कालस्खलनाची कल्पना ह्या पेचाचे उत्तर देत नाही. ती दोन्ही काळ एकदम खरे ठेवते आणि त्यामुळे प्रश्न काही वेळापुरता स्थगित होतो.

हा पेच व ही युक्ती आपल्याकडे नवी नाही. योगवासिष्ठाच्या उत्पत्तिप्रकरणातील लीलेचे आख्यान ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. राजा पद्म आपल्याआधी मरेल ह्या भयाने राणी लीला सरस्वतीची आराधना करते, आणि मृत्यूनंतरही पतीचा जीव अंतःपुराबाहेर जाऊ नये असा वर मागून घेते. पद्म मरतो, त्याचा देह फुलांनी आच्छादून ठेवला जातो. देवीच्या साहाय्याने लीला त्याच खोलीतील सूक्ष्म आकाशात शिरते, तो तिचा पती विदूरथ नावाचा राजा होऊन राज्य करताना तिला दिसतो. पुढे असेही कळते की, ही दोघे पूर्वी वसिष्ठ व अरुंधती नावाचे एक ब्राह्मण दांपत्य होती. त्या ब्राह्मणाला मरून त्याच्या घरी केवळ आठ दिवस झाले आहेत, आणि तेवढ्या अवधीत पद्माचे उभे आयुष्य सरले आहे. विदूरथाच्या शेजारी एक दुसरी लीला असते. विदूरथ युद्धात पडतो, त्याचा जीव पद्माच्या देहात परततो, आणि आख्यानाच्या शेवटी राजा दोन्ही लीलांसह नांदतो. अद्वैताचा सिद्धांत समजावण्यासाठी रचलेले हे आख्यान आहे, हे मान्य. तथापि कोणत्याही स्त्रीला भेडसावणाऱ्या शोकावर ते आधारलेले आहे, आणि पहिली व दुसरी यांपैकी कोणालाही घराबाहेर न काढता ते संपते, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे.

विष्णुपुराणातील रेवतीची कथा ह्याहून रोखठोक आहे. ककुद्मी राजा कन्येला योग्य वर विचारण्यासाठी तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो. तेथे चाललेले गायन संपेपर्यंत तो थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर युगे लोटतात. त्याने मनात योजिलेले सर्व वर, त्यांचे पुत्रपौत्र, त्यांची नावेसुद्धा नाहीशी झालेली असतात. बापलेकी परततात त्या अनोळखी जगात, आणि रेवतीचा विवाह बलरामाशी होतो. परंतु ती पूर्वीच्या युगातील, म्हणून फार उंच. बलराम नांगराच्या टोकाने तिला खाली ओढून आपल्या काळाच्या मापाची करतो. दुसऱ्या काळात संसार मांडावयाचा तर त्या काळाच्या मापाचे व्हावे लागते, आणि ते माप बहुधा स्त्रीच्या देहावरच घेतले जाते, हे त्या पुराणकाराने एका वाक्यात सांगून टाकले आहे.

आधुनिक मराठीत मात्र कालस्खलन आले ते प्रणयासाठी नव्हे. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' ह्या कथेतील इतिहासाचे प्राध्यापक पुण्याहून मुंबईस येतात, ते पानिपतावर विश्वासराव वाचला अशा एका निराळ्याच इतिहासाच्या मुंबईत. येथेही शोकच आहे. मात्र तो एका समाजाने दोन शतके जपलेला शोक आहे. व्यक्तीच्या शोकासाठी ही युक्ती मराठी लेखकाने अभावानेच वापरली. याचे कारण कल्पनाशक्तीच्या उणिवेत शोधण्याऐवजी समाजव्यवस्थेत शोधावे असे आम्हांस वाटते. एकोणिसाव्या शतकातील ज्या मध्यमवर्गाने मराठी कादंबरी घडविली, त्या वर्गात शोक ही भावना म्हणून स्वतंत्र नव्हतीच. तो रूढीने व कायद्याने वाटून दिलेला होता. आणि त्या वाटणीत पुरुषाचा काळ व स्त्रीचा काळ मुळातच निरनिराळे होते.

पत्नी वारल्यावर पुरुषाने पुन्हा लग्न करावे ही अपेक्षा होती, तीही लौकर. विधवाविवाहाच्या पक्षाचे असलेले न्यायमूर्ती रानडे १८७३ मध्ये विधुर झाले, आणि त्याच वर्षी वडिलांच्या आग्रहास्तव अकरा वर्षांच्या रमाबाईंशी त्यांचा विवाह झाला. गेलेल्या पत्नीसाठी वर्षातील एक तिथी राखून ठेवलेली होती. भाद्रपद वद्य नवमी, म्हणजे अविधवा नवमी, ह्या दिवशी सवाष्णपणी गेलेल्या स्त्रीचे श्राद्ध करून तिच्या नावाने सुवासिनीला जेवू घालतात. म्हणजे ज्या घरात दुसरी गृहिणी आली आहे, तेथेही पहिली वर्षातून एकदा पाटावर येऊन बसते. लीलेच्या आख्यानाची ही घरगुती आवृत्तीच म्हणावयाची. विधवेच्या वाट्याला मात्र अशी एक तिथी नव्हती. तिचा प्रत्येक दिवस तीच तिथी होता. मग ज्याच्यासाठी शोक करावयाचा त्याचा चेहरा तिला आठवो वा न आठवो.

१८५६ च्या पंधराव्या कायद्याने विधवेचा पुनर्विवाह वैध ठरविला, हे आपण नेहमी सांगतो. त्याच कायद्याचे दुसरे कलम मात्र सहसा कोणी वाचीत नाही. पहिल्या पतीच्या मिळकतीत विधवेस जो हक्क असेल तो पुनर्विवाह करताच, ती त्या क्षणी मरण पावली असे समजून, संपुष्टात येईल, असे ते कलम होते. हा कायदा १९८३ मध्ये रद्द होईपर्यंत ती शब्दयोजना कागदोपत्री कायम होती. दुसऱ्या काळात पाऊल टाकणाऱ्या स्त्रीने पहिल्या काळात मृत व्हावे, ही कालस्खलनाची कल्पना येथे एखाद्या कादंबरीकाराने नव्हे, तर विधिमंडळाने लिहिली आहे.

ह्या पार्श्वभूमीवर गिरगावातील एका बिऱ्हाडाकडे पाहू. धोंडो केशव कर्वे १८८४ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाले, आणि मुलींच्या शाळांतून गणित शिकवून व शिकवण्या करून मुंबईत राहू लागले. त्यांचे व त्यांचे स्नेही नरहरपंत जोशी यांचे बिऱ्हाड एकत्र असे. गृहिणी होत्या राधाबाई कर्वे. ह्याच बिऱ्हाडात नरहरपंतांची विधवा बहीण गोदूबाई कोकणातून शिकण्यासाठी आली. बालपणी तिचा विवाह झाला होता, आणि काही महिन्यांतच पती वारला होता. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी चौपाटीनजीक शारदासदन उघडले, तेव्हा तेथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी हीच. पुढच्या वर्षी सदन पुण्यास हलले. १८९१ मध्ये राधाबाई वारल्या. रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षाच्या अखेरीस कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक म्हणून पुण्यास गेले. पुन्हा विवाह करावयाचाच तर विधवेशी, हा त्यांचा निश्चय होता. ११ मार्च १८९३ रोजी, शारदासदनाच्या उद्घाटनाला बरोबर चार वर्षे होत असता, त्यांचा व गोदूबाईंचा पुण्यास विवाह झाला. मुरुडच्या ग्रामस्थांनी त्यांना वाळीत टाकले.

ही हकीकत सुधारणेच्या इतिहासात इतकी वेळा सांगितली गेली आहे की तिच्यातील माणसांकडे आपले लक्ष जाईनासे झाले आहे. नववधू पहिल्या पत्नीला ओळखत होती. तिच्या हातचे जेवली होती. अशा स्त्रीने त्या घरात दुसरी म्हणून पाऊल टाकणे ही गोष्ट शास्त्रार्थाच्या वादात बसत नाही. शिवाय दोघांचे शोक एका जातीचे नव्हते. कर्व्यांना खरोखरच एक माणूस गमवावे लागले होते. गोदूबाईंना आठवावे असे माणूसच नव्हते. त्यांची गेली होती ती वर्षे. विधुराला गेलेल्या व्यक्तीशी इमान राखावयाचे होते, तर विधवेला न जगलेल्या आयुष्याची भरपाई हवी होती. कालस्खलनाच्या पाश्चात्त्य कथांत ही विषमता सहसा आढळत नाही. तेथे ज्याने प्रेम केले तोच शोक करतो. येथे शोक आधी मिळाला आणि प्रेम नंतर.

त्याच वर्षांत त्याच शहराविषयी हरिभाऊ आपटे काय लिहीत होते, हे ताडून पाहण्यासारखे आहे. 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रातून येऊ लागली व १८९३ मध्ये पुस्तकरूप झाली. यमूच्या आयुष्यातील मुंबईचा काळ हाच काय तो मोकळ्या श्वासाचा. पुढे पती जातो, आणि केशवपनाची विटंबना सोसून तीही मृत्यूच्या वाटेस लागते. ज्या वर्षी पुण्यात कर्वे-दांपत्य उभे राहिले, त्याच वर्षी मराठी कादंबरीने आपल्या नायिकेला मागच्या काळातून पुढे येऊ दिले नाही. हरिभाऊंचे धैर्य कमी होते असे आम्ही म्हणणार नाही. वाचकाच्या मनाला पीळ पडावा यासाठी त्यांना यमूचा अंत हवाच होता. परंतु जीवन येथे कादंबरीच्या पुढे गेले होते, ही नोंद वाङ्मयेतिहासात व्हावयास हवी.

त्या जीवनाचा वृत्तांत दोन पुस्तकांत आहे. कर्व्यांचे 'आत्मवृत्त' १९१५ चे, तर आनंदीबाईंचे 'माझे पुराण' १९४४ चे, सूनबाई कावेरी कर्वे यांनी संपादिलेले. पहिल्यात हिशेबी संयम आहे, दुसऱ्यात तोंडी सांगण्याचा ओघ. स्वतःच्या आयुष्याला 'पुराण' म्हणण्यात जी मिस्कील जाणीव आहे, ती त्या पुस्तकाची किल्लीच होय. दोन्ही पुस्तके सामान्यतः समाजसुधारणेची साधने म्हणून वाचली जातात, आणि ग्रंथालयातील त्यांची जागाही त्यानुसार ठरलेली असते. ती शेजारी ठेवून वाचली असता मात्र गिरगावातील त्याच खोल्या आपण दोनदा पाहतो: एकदा पतीच्या वयस्क, तोलून बोलणाऱ्या आठवणीतून, आणि एकदा ज्या स्त्रीने तेथे आश्रित म्हणून प्रवेश केला तिच्या वार्धक्यातील सांगण्यातून. ह्या दोन सांगण्यांमध्ये एका पिढीचे अंतर आहे. वाचकाचा पाय घसरतो तो ह्या अंतरात. यासाठी वेगळ्या चमत्काराची गरज पडत नाही.

नावाचा मुद्दा येथे नोंदविला पाहिजे. विवाहानंतर गोदूबाई आनंदीबाई झाल्या. सासरी नाव बदलणे ही सर्वसाधारण चाल. तीत विशेष काय, असे कोणी म्हणेल. परंतु पहिल्या विवाहात नाव बदलणारी मुलगी माहेरचे नाव मागे ठेवते. पुनर्विवाहितेच्या बाबतीत नव्या नावाने तिचे वैधव्यही मागे पडते. रेवतीला नांगराच्या टोकाने जे केले, ते येथे नावाने केले असे म्हणण्याचा मोह होतो. फरक इतकाच की 'माझे पुराण' सांगताना आनंदीबाईंनी गोदूला मरू दिलेले नाही. कायद्याने जिला मृत समजावे असे म्हटले होते, तिचीच हकीकत प्रथम आणि सविस्तर येते.

राधाबाईंचा मुलगा रघुनाथ पुढे मुंबईस परतला. चौपाटीवरील विल्सन महाविद्यालयात तो गणित शिकवीत असे, आणि स्त्रीचे शरीर हे तिच्या इच्छेविना वारंवार बाळंतपणात झिजू नये, ह्या मतासाठी १९२५ मध्ये त्याला ती नोकरी सोडावी लागली. 'समाजस्वास्थ्य' त्याने १९२७ पासून १९५३ पर्यंत चालविले. आनंदीबाईंचे चिरंजीव दिनकर यांनी आईच्या आणि वडिलांच्या आत्मकथनांतील निवडक भाग इंग्रजीत उतरवून ते 'द न्यू ब्राह्मन्स' ह्या संग्रहात एकत्र आणले; कॅलिफोर्निया विद्यापीठाने तो १९६३ मध्ये, कर्वे वारल्यानंतरच्या वर्षी, प्रसिद्ध केला. एकाच पुठ्ठ्याच्या आत असलेल्या ह्या दोन कथनांत गिरगावचे ते बिऱ्हाड दोनदा येते, आणि दोन्ही वेळा चुलीपाशी राधाबाईच असतात.